श्राविकेची चाळिशी

मराठीत पुस्तकाच्या परीक्षणाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. आशय झाला, शैली झाली, व्यक्तिरेखा झाल्या, की शेवटच्या परिच्छेदात एक ओळ येते : छपाई सुबक, मुखपृष्ठ आकर्षक, किंमत वाजवी. मीसुद्धा अशा ओळी लिहिल्यात. चांगल्या वीसपंचवीस वर्षं लिहिल्यात. पण टाइप किती बारीक आहे, ओळी किती दाटीनं बसवल्यात, कागद दिव्याखाली चकाकतो का, यातलं काही मी कधी लिहिलं नाही. डोळे चांगले होते तोवर या गोष्टी माझ्या लक्षातच आल्या नाहीत. आता त्याच सगळ्यांत आधी लक्षात येतात. म्हणून राहून गेलेलं ते परीक्षण या लेखात करायचं आहे.

डोळे उतरायला लागले हे मला पुस्तकावर कळलं नाही, सुपावर कळलं. निपाणीच्या घरी दुपारी तांदूळ निवडायला बसले होते. सासूबाईंनी मी निवडलेल्या ढिगात सहज हात घातला आणि म्हणाल्या, "आगं, ह्यात किडा ऱ्हायलाय की!" जैन घरात निवडणं म्हणजे नुसती स्वच्छता नसते. पाणी गाळून घ्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, धान्य डोळ्यांखालून घालायचं, या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे : आपल्याला न दिसलेला जीव आपल्या हातून मरू नये. त्यामुळे तो राहिलेला किडा मला फार लागला. सासूबाई मात्र हसून म्हणाल्या, "चाळिशी लागली म्हणायची तुला."

चाळिशी हा शब्द मला आवडतो. वयालाही चाळिशी आणि चष्म्यालाही चाळिशी. भाषेनं हे दुखणं आधीच मोजून ठेवलंय. होतं असं, की डोळ्यातलं जे भिंग लहानपणी लवचिक असतं, जवळचं बघताना फुगतं आणि लांबचं बघताना चपटं होतं, ते वर्षागणिक ताठर होत जातं. चाळिशीच्या आसपास ते जवळच्या अक्षरासाठी पुरेसं फुगेनासं होतं. मग आपण पुस्तक लांब धरतो, आणखी लांब धरतो, आणि एक दिवस हातच अपुरा पडतो. चष्म्याचा नंबर साठीपर्यंत थोडा थोडा वाढतो आणि मग बराचसा थांबतो. पण तोवर दुसरी गोष्ट सुरू झालेली असते. भिंग पिवळट, धुरकट होतं, बाहुली पूर्वीइतकी मोठी उघडत नाही, आणि विशीत जितका उजेड डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचायचा त्याच्या निम्म्याहूनही कमी साठीत पोचतो. म्हणजे म्हाताऱ्या वाचकाला नुसतं मोठं अक्षर पुरत नाही. त्याला जास्त उजेड लागतो, आणि काळ्या शाईचा काळेपणाही जास्त लागतो.

आता एवढ्या तीन मापांनी, अक्षर, उजेड आणि काळेपणा, माझ्या घरातली पानं तपासून बघू.

पहिलं पान माहेरच्या जुन्या छापील पोथीचं. सुटी पानं, रुंदीला जास्त, उंचीला कमी. ती लाकडी घडीच्या व्यासपीठावर ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायचं. अक्षर हरभऱ्याच्या डाळीएवढं, शाई गडद. पान हातात धरायचं नसल्यामुळे डोळ्यांपासून त्याचं अंतर हलत नाही, आणि ते उतरतं असल्यामुळे सोप्यातून येणारा उजेड सरळ त्यावर पडतो. आजचा डोळ्यांचा डॉक्टर म्हाताऱ्या माणसाला जे जे सांगेल, त्यातलं निम्मं या पोथीत आधीच केलेलं आहे. दोष आहेत ते वेगळे. ओळ फार लांब. डावीकडे परत येताना नजर खालच्या ओळीऐवजी एक ओळ सोडून पडते. शब्द एकमेकांना चिकटलेले. परिच्छेद नाहीत. वडील ओळीखाली नारळाच्या हिराची काडी धरून वाचायचे. ही पोथी डोळ्यांना सोपी, पण नवख्या वाचकाला अवघड.

दुसरं पान गेल्या काही वर्षांतल्या एका गाजलेल्या मराठी कादंबरीचं. पुस्तक जाड, म्हणून पानं वाचवायची, म्हणून टाइप बारीक. कागद पांढराशुभ्र आणि गुळगुळीत. बांधणी इतकी घट्ट, की मधल्या घडीत ओळींची टोकं गडप होतात आणि दोन्ही हातांनी पुस्तक फाकवून धरावं लागतं. देवनागरीची एक अडचण इंग्रजी छपाई बघून पुस्तक मांडणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय असतो. तेवढ्याच उंचीत हे सगळं बसवायचं, म्हणून मधलं मूळ अक्षर आक्रसतं. त्याच पॉइंटातलं इंग्रजी अक्षर ठसठशीत दिसतं आणि आपलं किरटं. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे नावाजले गेले ते याच कारणानं, की त्यांत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य एका नजरेत वेगळे दिसायचे. आता संगणकावर टाइप हवा तेवढा मोठा करता येतो. अडचण खिळ्यांची उरलेली नाही, हिशेबाची आहे.

तिसरं पान मला सर्वांत जास्त खुपतं. ते आमच्याच शास्त्रग्रंथांचं. माझ्या कपाटात जे सटीक ग्रंथ आहेत त्यांतल्या बहुतेकांची मांडणी अशी : वर मूळ गाथा ठळक मोठ्या टाइपात, खाली संस्कृत टीका मध्यम टाइपात, त्याखाली अर्थ बारीक टाइपात, आणि तळाशी पाठभेद मुंगीच्या पावलाएवढे. पाठभेद बारीक असायला माझी हरकत नाही, ते अभ्यासकासाठी असतात. आपल्याच सदलग्याचे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी उभी हयात हस्तलिखितं पडताळण्यात घालवली. तसल्या माणसांच्या कष्टाची ती जागा आहे. माझी तक्रार अर्थाच्या टाइपाविषयी आहे. मूळ गाथा ज्याला येते त्याला ती पाठ असते, त्याला मोठ्या अक्षराची फारशी गरज नाही. अर्थ लागतो तो प्राकृत न येणाऱ्याला. आणि या ग्रंथांकडे माणूस वळतो कधी? मुलंबाळं मार्गी लागल्यावर, म्हणजे साठीत. बस्तीत दुपारच्या स्वाध्यायाला बसणारी माणसं मोजा. निम्म्याहून अधिक बायका, त्याही पन्नाशीच्या पुढच्या. म्हणजे ज्या डोळ्यांना सर्वांत मोठं अक्षर हवं, त्यांच्या वाट्याला सर्वांत बारीक अक्षर. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पान मांडताना समोर कोण वाचक धरला होता, एवढंच त्यातून कळतं. त्या वाचकात आम्ही नव्हतो.

आम्ही नव्हतो, कारण आम्ही ऐकणाऱ्या होतो. श्रावक म्हणजेच ऐकणारा. श्राविका म्हणजे ऐकणारी. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. बस्तीतून आली की ती मला व्यासपीठासमोर बसवायची आणि स्वतः खांबाला टेकून म्हणायची, "तू वाच, मी ऐकतो." आमच्या भागात बायकाही मी येतो, मी जातो असंच बोलतात. ते 'मी ऐकतो' माझ्या कानात अजून आहे. मी शाळेत जाणारी, नुकती अक्षरं जुळवणारी पोर. मला कळत काही नव्हतं, पण पोथीवर माझा हात होता. घरात ती जागा मिळालेली मी पहिली मुलगी.

म्हणून आता मुलं म्हणतात, "आई, एवढा त्रास कशाला घेतेस? फोनवर पुस्तकं ऐक की," तेव्हा मला राग येतो. त्यांचं म्हणणं चूक नाही. चांगल्या आवाजातली पुस्तकं मिळतात, त्यांतली काही मी स्वयंपाक करताना ऐकलीही आहेत. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आजी ऐकायची कारण तिला दुसरा मार्ग नव्हता. आईला वाचता यायचं, पण दिवसाउजेडी तिला सवड नव्हती आणि रात्री कंदिलाशी बसलं की कुणीतरी रॉकेलची आठवण करून द्यायचं. तिसऱ्या पिढीला पुस्तक, उजेड आणि सवड, तिन्ही एकदम मिळालं. आणि दहावीस वर्षांत पुन्हा सांगायचं, की जा, खांबाला टेकून बस आणि ऐक? ऐकताना थांबता येत नाही असं नाही, पण मागच्या पानावर बोट ठेवून पुढचं पान बघणं जमत नाही. लेखकाशी भांडायला ते बोट लागतं.

एवढं मनात धरून मी बसले होते. मग गेल्या चातुर्मासातली एक दुपार आली.

स्वाध्यायात वाचायची पाळी माझी होती. अर्थ तोच बारीक टाइपातला. आभाळ आलेलं, खिडकीचा उजेड मरगळलेला. मी वाचत गेले : सम्यग्दृष्टी जीव मदकषायी असतो. पुढं वाचणार तोच मागून एक आक्का म्हणाल्या, "मंद म्हण गं. मदकषाय न्हवं, मंदकषाय." मी पान उजेडात नेऊन बघितलं. टिंब होतं. मंदकषाय म्हणजे ज्याचे क्रोध, मान, माया, लोभ मंदावलेत असा. मद म्हणजे गर्व, जो सोडायचा तो. एका टिंबानं मी गुणाचा दोष करून टाकला होता. आणि तो दुरुस्त केला कुणी? ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा बाईनं. पन्नास वर्षं त्यांनी ऐकलंय. त्यांच्या कानाला चुकीचा शब्द बोचला.

त्या दिवशी घरी आल्यावर मला वाटलं, मी ऐकण्याला कमी लेखत होते. आक्का नुसत्या ऐकत नव्हत्या, ऐकताना तपासत होत्या. तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितलेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणं हे त्यांतलं पहिलं. विचारणं, मनात घोळवणं, शुद्ध उच्चारानं आवर्तन करणं आणि दुसऱ्याला सांगणं, या बाकीच्या चारांना डोळे लागतातच असं नाही. पण हेही खरं, की सूत्रात वाचना पहिली आहे. ती सोडून द्या, बाकीच्या चारांवर भागवा, असं कुठं म्हटलेलं नाही.

आमच्या परंपरेत लिहिणं आलं तेच मुळी झिजण्याच्या भीतीतून. श्रुत म्हणजे ऐकलेलं. पिढ्यान्‌पिढ्या ते तोंडी चाललं. गिरनारच्या गुहेत वृद्ध धरसेन आचार्यांना काळजी पडली, की आपल्यामागं हे ज्ञान बुडेल. त्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना ते शिकवलं. त्यांनी रचलेला षट्खंडागम ज्या दिवशी ग्रंथरूपानं पुरा झाला त्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी म्हणतो आणि ग्रंथांची पूजा करतो. स्मरण थकलं म्हणून ताडपत्र आलं. पुढं मूडबिद्रीला राहिलेली ताडपत्रंही जीर्ण झाली, किड्यांनी खाल्ली. हे कानावर आलं तेव्हा आचार्य शांतिसागर महाराजांनी ते ग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायची प्रेरणा दिली. ते ताम्रपट फलटणला आहेत.

शांतिसागर महाराज आपल्या निपाणीजवळच्या भोजचे. जन्म १८७२चा, पूर्वीचं नाव सातगौडा पाटील. ग्रंथ टिकावेत म्हणून तांबं धुंडाळणाऱ्या या माणसाची स्वतःची दृष्टी शेवटी गेली. १९५५ साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुधा त्या ३६ दिवसांवर भर देतात. माझी नजर आता त्याच्या आधीच्या कारणावर थांबते. दिगंबर मुनीला चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकावं लागतं, हातावर घेतलेला घास बघून खावा लागतो. दृष्टी गेली की ही दोन्ही व्रतं पाळता येत नाहीत. डोळे अधू होणं ही गोष्ट त्यांच्यासाठी सोयीगैरसोयीची नव्हती, अहिंसेची होती. ते मुनीचं व्रत, आपण गृहस्थ. आपल्याला काठी घेता येते, चष्मा घेता येतो, डॉक्टर गाठता येतो, आणि ते करावंच. पण माझ्या सुपातल्या किड्याचं नातं त्या कारणाशी आहे, हे मला जाणवतं.

आणखी एक गोष्ट. उपवास चालू असताना, ८ सप्टेंबर १९५५ला, महाराजांनी शेवटचा उपदेश केला. तो मराठीत आहे, आणि तो लिहून घेण्यावर न थांबता ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला. स्मरणाकडून ताडपत्राकडे, ताडपत्राकडून कागदाकडे आणि तांब्याकडे गेलेली वाट दृष्टी गेलेल्या माणसापाशी येऊन पुन्हा आवाजाकडे वळली. पण आवाज आला म्हणून कुणी ताम्रपट वितळवले नाहीत. दोन्ही ठेवले. मला हवं आहे ते एवढंच. कानाची सोय करताना डोळ्यांची जागा काढून घेऊ नका.

बाहेर हे कुणी केलंय का? इंग्लंडात लेस्टरजवळ फ्रेडरिक थॉर्प या गृहस्थानं १९६४ साली उल्व्हर्सक्रॉफ्ट या नावानं मोठ्या टाइपातली पुस्तकं काढायला सुरुवात केली. गिऱ्हाईक होतं सार्वजनिक वाचनालयं, आणि वाचनालयात येणारी म्हातारी माणसं. इंग्रजीत मोठा टाइप म्हणजे साधारण १६ ते १८ पॉइंट. धर्मादाय म्हणून वाटलेली पत्रकं नव्हेत, प्रेमकथा, रहस्यकथा, सगळं. म्हाताऱ्या माणसाला नुसतं अध्यात्म वाचायचं नसतं, हे त्या माणसानं ओळखलं. आपल्याकडे कायदा वाईट नाही. २०१२च्या दुरुस्तीनं लेखनहक्क कायद्यात अंध आणि अपंग वाचकांसाठी पुस्तकाचं रूप बदलून देण्याची मोकळीक आली, आणि अशाच हेतूचा मराकेश करार मान्य करणारा पहिला देश २०१४ साली भारत ठरला. पण माझ्यासारखी बाई त्यात बसत नाही. मी अंध नाही. चष्मा लावला, दिवा जवळ घेतला, तर मला वाचता येतं. पंधरा मिनिटं. त्यानंतर डोळे पाणावतात आणि ओळी हलायला लागतात. कायद्याला मी डोळस, आणि प्रकाशकाला मी दिसत नाही.

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. या सीमेवर मराठी टिकवण्याच्या गोष्टी आपण फार करतो. मोर्चे निघतात, ठराव होतात, पाट्यांच्या अक्षरांवरून तंटे होतात. पाटीवरचं मराठी अक्षर किती मोठं असावं यावर इथं जेवढं बोललं गेलं, तेवढं पुस्तकातलं मराठी अक्षर किती मोठं असावं यावर कधी बोललं गेलंय का? इथं मराठी पुस्तक विकत घेणारा, वाचनालयाची वर्गणी न चुकता भरणारा माणूस आज बहुधा साठीपुढचा आहे. नातवंडांची शाळा इंग्रजी किंवा कन्नड. ज्याच्या भरवशावर भाषा उभी आहे, त्याच्याच डोळ्यांना आपण पुस्तकाच्या बाहेर काढतो.

तोवर आपलं आपण काय करावं? मी जे करते ते सांगते. दिवा छताला नाही, पानाजवळ. दिव्याचं अंतर निम्मं केलं तर उजेड चौपट होतो. पुस्तक मांडीवर नाही, पोथीच्या व्यासपीठावर. चष्म्याचा नंबर काढताना आपण प्रत्यक्ष जितक्या अंतरावर वाचतो ते अंतर तपासणाऱ्याला दाखवायचं, पुस्तक सोबत न्यायचं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली म्हणजे वाचायचा चष्मा सुटतो असं नाही. साधी एक नंबरी लेन्स लांबचं स्वच्छ करते, जवळच्यासाठी चाळिशी लागतेच. आणि काचबिंदूची तपासणी टाळायची नाही. तो बहुधा दुखत नाही, कडेकडेनं नजर खात येतो, आणि गेलेली नजर परत येत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे तो सापडत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जावं लागतं. फोनवर वाचायचं तर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, आणि हे मी कबूल करते, की त्या बाबतीत फोन आमच्या प्रकाशकांपेक्षा शहाणा आहे.

आणि दुपारी मी आणि आक्का एकत्र बसतो. मी वाचते, त्या ऐकतात. पंधरा मिनिटांनी मी चष्मा काढते, आणि त्या ऐकलेलं मला परत सांगतात. चुकलं तर त्या मला धरतात, अडलं तर मी पान बघते.

आता या पुस्तकाविषयी. माझी प्रकाशकांशी एकाच गोष्टीवरून हुज्जत झाली. मी १४ पॉइंटाच्या खाली यायला तयार नव्हते, आणि ओळींत मोकळी जागा मागत होते. ते म्हणाले, पानं वाढतील, किंमत वाढेल. मी म्हटलं, मग मजकूर कमी करू. संग्रहात आणखी दोन लेख होते, ते काढले. त्यांतला एक माझ्या आवडीचा होता. हे पान तुम्हाला हात लांब न करता वाचता आलं असेल, तर तो गेल्याचं मला वाईट वाटणार नाही. आणि कुणी या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं, तर शेवटच्या परिच्छेदात छपाई सुबक असं लिहू नका. अक्षर दिसलं की नाही, तेवढं लिहा.